मोरीतून वाहून जाणारी चांदी

एक जुनं खूळ आपल्या हॉस्टेलवर पुन्हा आलंय. कुणी आजोबांच्या कपाटातला याशिका शोधून काढलाय, कुणी काकांचा झेनिट ढापलाय, तर कुणी चोरबाजारात तासभर घासाघीस करून कॅमेरा मिळवलाय. तो गळ्यात अडकवून मंडळी रविवारी सकाळी दादरच्या फुलबाजारात, नाहीतर गिरगावच्या खोताच्या वाडीत हजर! मोबाईलवर हजार फोटो फुकट निघतात, तरी ३६ फोटोंच्या एका रोलसाठी वडापाववर दिवस काढणारे महाभाग मी पाहिलेत. मला यात काहीच गैर वाटत नाही. बटण दाबायच्या आधी दोन मिनिटं विचार करायला लावणारी कुठलीही वस्तू आपल्या पिढीला चांगलीच.

आता रोल काढला की तो धुवायला हवा. पूर्वी नाक्यानाक्यावर फोटो स्टुडिओ होते, आता फिल्म धुऊन देणारे मोजकेच उरलेत आणि त्यांचे दर आपल्या खिशाला झेपत नाहीत. मग मंडळी खोलीतच रोल धुतात. हे वाटतं तितकं अवघड नाही. रोल टाकीत भरेपर्यंतच काय तो अंधार लागतो, आणि त्यासाठी काळी पिशवी पुरते. बाकी सगळं दिव्याच्या उजेडात होतं. एक छोटी टाकी, थर्मामीटर, मोबाईलचं घड्याळ आणि प्रिन्सेस स्ट्रीटवरून आणलेली दोन-तीन रसायनं, झाली डार्करूम तयार!

इथपर्यंत सगळं छान. पण निगेटिव्ह दोरीवर वाळत टाकल्यावर टाकीतल्या आणि बाटल्यांतल्या पाण्याचं काय होतं? उत्तर सगळ्यांना माहीत आहे. बेसिनमध्ये! घरी असाल तर मोरीत. नळ सोडायचा, हात धुवायचे, विषय संपला.

माझ्या मते विषय तिथे संपत नाही. आणि गंमत म्हणजे आपण घाबरतो ते चुकीच्या बाटलीला. डेव्हलपर काळपट होतो, डाग पाडतो, म्हणून तो आपल्याला 'केमिकल' वाटतो. फिक्सर, म्हणजे आपला हायपो, बिचारा पाण्यासारखा दिसतो, म्हणून तो बिनधास्त ओतला जातो. खरं तर एक वेळ डेव्हलपर ओतला तर चालेल, पण वापरलेला फिक्सर ओतू नये. तो वेगळा साठवावा, आणि तो गोळा करायची सोय आपल्या कॉलेजने करावी. एवढंच मला म्हणायचंय. आता का ते सांगतो.

फिल्म घरी धुणं ही काही अमेरिकेतून आलेली नवी फॅशन नव्हे. ती आपल्या दादरची परंपरा आहे! गिरगावात ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहून दादासाहेब फाळक्यांना सिनेमाचं वेड लागलं. १९१२ साली ते लंडनहून विल्यमसन कॅमेरा, फिल्मला भोकं पाडायचं यंत्र वगैरे घेऊन आले, आणि दादरच्या राहत्या घरात 'राजा हरिश्चंद्र'चं काम सुरू झालं. तो रस्ता आज त्यांच्याच नावाने ओळखला जातो. फिल्मला भोकं पाडणं, रसायनं मिसळणं, फिल्म धुणं ही कामं सरस्वतीबाई फाळके करत, आणि वर कलाकार-कामगारांच्या साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाकही! सुमारे ३७०० फुटांचा तो चित्रपट ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लागला. म्हणजे भारतीय सिनेमाची पहिली लॅब एका मराठी बाईच्या घरात होती म्हणायला हरकत नाही. पुढे दादरला रणजित, परळला शांतारामबापूंचं राजकमल आणि ताडदेवला फिल्म सेंटर अशी या परिसरात फिल्मवर जगणारी ठिकाणं उभी राहिली. तेव्हा खोलीत फिल्म धुणाऱ्यांनी उगीच न्यूनगंड बाळगू नये, परंपरा मोठी आहे! पण सरस्वतीबाईंच्या काळातली मुंबई आणि आजची मुंबई यांत फरक आहे, आणि रसायनशास्त्राने आपल्याला त्यानंतर बरंच शिकवलंय.

ते थोडं रसायनशास्त्र बघू (बोअर होणाऱ्यांनी पुढच्या परिच्छेदावर उडी मारावी). फिल्मवर जिलेटिनच्या थरात चांदीच्या क्षारांचे बारीक कण असतात. जिथे प्रकाश पडला तिथल्या कणांची डेव्हलपर काळी चांदी करतो. त्यासाठी त्यात मेटॉल, हायड्रोक्विनोन यांसारखे क्षपणक असतात, सोबत सल्फाइट आणि थोडा अल्क. मग पाणी किंवा सौम्य अॅसेटिक अॅसिड वापरून ही क्रिया थांबवायची. आणि मग फिक्सर! ज्या कणांवर प्रकाश पडलाच नाही ते सगळे कण फिक्सरमधलं थायोसल्फेट विरघळवून घेतं. म्हणजे फिल्मवरची चांदी कुठे जाते? साध्या ब्लॅक अँड व्हाइट फिल्ममध्ये थोडी निगेटिव्हवर राहते आणि बरीचशी फिक्सरमध्ये उतरते. रंगीत फिल्ममध्ये तर जवळजवळ सगळीच उतरते, कारण शेवटी फिल्मवर फक्त रंग उरतात.

एक लिटर फिक्सर नीट वापरला तर त्यात वीसेक रोल निघतात. तोवर त्या एका लिटरमध्ये काही ग्रॅम चांदी विरघळलेली असते. डोळ्यांना काही दिसत नाही, वासही तोच. आपण धरून चालू की ३ ग्रॅम आहे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आय.एस. १०५००) चांदीची मर्यादा लिटरला ०.१ मिलिग्रॅम आहे. म्हणजे त्या एका बाटलीतली चांदी या मर्यादेत आणायला ३०,००० लिटर पाणी लागेल, दहा हजार लिटरचे तीन टँकर! हे मानक सांडपाण्याचं नव्हे, पिण्याच्या पाण्याचं आहे हे मला मान्य आहे. फक्त अंदाज यावा म्हणून सांगितलं. 'भरपूर पाणी सोडलं की झालं' म्हणणाऱ्यांनी हा हिशेब एकदा स्वतः करून बघावा.

कॉफीवाल्यांनाही दोन शब्द. इन्स्टंट कॉफी, धुण्याचा सोडा आणि व्हिटॅमिन सी यांचं मिश्रण करून त्यात रोल धुणारे काही पर्यावरणप्रेमी आपल्यात आहेत. प्रयोग झकास आहे. पण कॉफी फक्त डेव्हलपरची जागा घेते, फिक्सर तुम्हालाही लागतोच. तेव्हा 'आमचं सगळं नॅचरल' म्हणून मिरवण्याआधी चांदीचं काय केलंत तेवढं सांगा.

मोरीतलं पाणी जातं कुठे? गिरगावपासून लालबाग-परळपर्यंतच्या मोठ्या पट्ट्याचं मैलापाणी वरळीच्या लव्हग्रोव्ह केंद्राकडे जातं. तिथे वर्षानुवर्षं होत आलेली प्रक्रिया प्राथमिक स्वरूपाची. कचरा गाळायचा, रेती बसवायची आणि उरलेलं पाणी समुद्राखालच्या ३.४ किलोमीटर लांब बोगद्यातून अरबी समुद्रात सोडायचं. वरळीसह सात ठिकाणी मोठी प्रक्रिया केंद्रं बांधायच्या कामाचं भूमिपूजन जानेवारी २०२३ मध्ये झालं. पाश्चात्त्य देशांतल्या फोटोग्राफीच्या पुस्तकांत 'थोडा फिक्सर गटारात गेला तरी चालतो' असं लिहिलेलं असतं, पण त्यामागे एक गृहीत आहे. तिथे मैलापाण्यावर जिवाणूंची पूर्ण प्रक्रिया होते, चांदीचं सल्फाइड बनतं आणि ते गाळात बसतं. नुसतं गाळून समुद्रात सोडलेल्या पाण्याला हे गृहीत लागू पडत नाही. आणि रस्त्याकडेच्या पावसाळी गटारात ओतलंत तर विचारूच नका. त्या पाण्यावर कसलीच प्रक्रिया होत नाही, ते थेट समुद्रात जातं.

तुम्ही म्हणाल, 'अरे, एवढ्या मोठ्या समुद्रात माझी एक बाटली काय करणार?' प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर मी प्रामाणिकपणे देणार आहे. एका बाटलीने गिरगाव चौपाटीवरचे मासे मरणार नाहीत. थायोसल्फेटला बांधलेली चांदी ही मोकळ्या चांदीच्या आयनांपेक्षा पुष्कळ कमी विषारी असते, हेही खरं. पण मोकळे आयन शेवाळाला आणि जिवाणूंना मारतात. जखमेच्या मलमात चांदी घालतात ती याचसाठी! आणि चांदी हे मूलद्रव्य आहे, ते कुजून नाहीसं होत नाही. हायड्रोक्विनोनचं कालांतराने विघटन होतं, चांदी मात्र रूप बदलून राहते. थेंबे थेंबे तळे साचे ही म्हण गटारालाही लागू आहे.

समुद्राचं राहू द्या. त्याहून जवळची दोन माणसं आहेत, आणि मला त्यांची जास्त काळजी वाटते. एक म्हणजे आपल्या मजल्यावरचे सफाईवाले काका. बारावीच्या प्रॅक्टिकलला थायोसल्फेटमध्ये हायड्रोक्लोरिक अॅसिड घालून कागदावरची फुली दिसेनाशी होईपर्यंतचा वेळ मोजला होता ना? ते गढूळ होतं ते सुटलेल्या गंधकामुळे, आणि नाकात जातो तो सल्फर डायऑक्साइड. टॉयलेट साफ करायच्या द्रावणात तेच अॅसिड असतं. तुम्ही रात्री भांड्यात फिक्सर ओतून झोपता, सकाळी काका त्यावर अॅसिड टाकतात. बारावीचा प्रयोग पुन्हा होतो, पण बंद संडासात आणि एका माणसाच्या तोंडासमोर! ब्लीचिंग पावडर किंवा क्लोरीनवाला क्लीनर पडला तर त्याहून वाईट वायू सुटू शकतात. दुसरा माणूस म्हणजे रात्री अभ्यास करताना तहान लागलेला रूममेट. वापरलेला फिक्सर थम्स अपच्या नाहीतर पाण्याच्या बाटलीत भरून टेबलाखाली ठेवायची पद्धत मी एकाहून जास्त खोल्यांत पाहिलीय. दिसायला पाणीच ते! यावर मी वेगळं काही लिहायची गरज नाही.

लालबागच्या चाळीतला माझा एक मित्र घरीच रोल धुतो. दहा बाय बाराची खोली, कोपऱ्यात मोरी, मोरीला लागून ओटा. त्याच्या आजीने त्याला बजावलंय, "माझ्या भांड्याला हात लावलास तर बघ!" आजीने रसायनशास्त्र शिकलेलं नाही, पण नियम बरोब्बर सांगितला. ज्या मापाने रसायन मोजलं त्याने पुन्हा चहाचं दूध मोजायचं नाही. मित्राने माप, नरसाळं आणि बाटल्यांची वेगळी बादली केलीय, बाटल्यांवर लाल मार्करने 'विष' लिहिलंय आणि बादली पोटमाळ्यावर, भाच्याच्या हाताला न लागेल अशी ठेवलीय. दहा बाय बारात हे जमतं, तर हॉस्टेलवर का जमू नये?

आता कायद्याकडे वळू. परळला के.ई.एम. (१९२६) आणि टाटा मेमोरियल (१९४१) ही मोठी हॉस्पिटलं आहेत. एक्स-रे पूर्वी फिल्मवर निघत, आणि ती फिल्म धुवायलाही असाच फिक्सर लागे. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांत एक्स-रे फिल्म धुण्याच्या चांदीयुक्त द्रावाचा नाव घेऊन उल्लेख केला गेला. आधी त्यातून मिळवण्यासारखं ते मिळवा, मग प्रक्रिया करा, आणि त्यानंतरच ते इतर सांडपाण्यात मिसळा, असा क्रम घालून दिला. त्याच वर्षीच्या घनकचरा नियमांत घरगुती घातक कचऱ्यासाठी दर २० चौरस किलोमीटरला एक जमा केंद्र असावं अशी तरतूद केली होती. त्या यादीत रंगाचे डबे, कीटकनाशकांचे डबे, बॅटऱ्या, ट्यूबलाइट, मुदत संपलेली औषधं होती. फोटोग्राफीच्या रसायनांचं नाव मात्र नव्हतं. थोडक्यात, तोच द्राव हॉस्पिटलात असला तर त्याला नियम, आपल्या खोलीत असला तर त्याला बेसिन! कायद्याचं लक्ष गेलं नाही म्हणून रसायनाचा गुण बदलत नाही. आपण इंजिनीअर होणार ना? मग नियमाची वाट बघत बसायचं कारण काय?

करायचं काय ते सांगतो. सगळं खर्चात बसणारं आहे.

पहिली गोष्ट, दोन वेगळे कॅन ठेवा. फिक्सरचा वेगळा, आणि डेव्हलपर व अॅसिडच्या पाण्याचा वेगळा. दोन्ही एकत्र केले तर फिक्सरमधली चांदी काढणं अवघड होतं. कॅनवर नाव, तारीख आणि किती रोल धुतले ते लिहा. रबरी हातमोजे घाला. मेटॉलने अनेकांच्या कातडीला खाज-पुरळ येतं, आणि रंगीत फिल्मचा डेव्हलपर तर त्याबाबतीत आणखी खट्याळ.

दुसरी गोष्ट, फिक्सर वेळेआधी फेकू नका. बहुतेक जण पाच-सहा रोलनंतर नवीन करतात. फिल्मचा एक तुकडा फिक्सरमध्ये टाकून तो पारदर्शक व्हायला किती वेळ लागतो ते बघा. ताज्या फिक्सरला लागला त्याच्या दुप्पट वेळ लागायला लागला की बदला. पैसेही वाचतील आणि कचराही कमी होईल.

तिसरी गोष्ट, डेव्हलपर. महिन्याला एक-दोन टाक्या असतील तर मैलापाण्याला जोडलेल्या नाल्यात भरपूर पाण्याबरोबर सोडला तर चालण्यासारखं आहे. फिक्सरसारखी त्यात चांदी नसते. पण हे फक्त शहरासाठी! सुट्टीत गावी जाऊन रोल धुणार असाल, आणि घरी सेप्टिक टँक किंवा शोषखड्डा असेल, तर काहीच ओतू नका. टँकमधले जिवाणू मरतील, आणि शोषखड्ड्यातलं पाणी शेवटी कुणाच्या तरी विहिरीकडेच जातं. 'नारळाच्या मुळाशी ओतलं' हेही नको. कॅन भरून परत मुंबईला आणा.

चौथी गोष्ट, फिक्सरमधली चांदी. लोखंड चांदीपेक्षा जास्त क्रियाशील, म्हणून लोखंड विरघळतं आणि चांदी बाहेर पडते. हिशेबाने १ ग्रॅम लोखंडाला ३.८६ ग्रॅम चांदी बसते, प्रत्यक्षात लोखंड बरंच जास्त लागतं. त्यासाठी पॉलिशवाले वापरतात ते साधं स्टील वूल घ्या. नागदेवी स्ट्रीटवर किंवा कुठल्याही रंगाच्या दुकानात मिळेल. भांडी घासायची चकचकीत घासणी चालणार नाही, ती स्टेनलेस असते! फिक्सरच्या कॅनमध्ये मूठभर वूल टाकून दोन-तीन दिवस हवेशीर जागी ठेवा, अधूनमधून हलवा, झाकण घट्ट लावू नका. तळाशी काळा गाळ बसेल. तीच चांदी. काम झालं का ते बघायला तांब्याची तार घासून चकचकीत करा आणि मिनिटभर द्रावात बुडवा. तारेवर राखाडी-पांढरा थर आला तर चांदी अजून शिल्लक आहे.

आणि इथेच थांबा! गाळात नायट्रिक अॅसिड ओतणं, अमोनिया किंवा कॉस्टिक घालून 'बघू काय होतं ते', मोबाईलच्या चार्जरने इलेक्ट्रोलिसिस, असले पराक्रम खोलीत नकोत. चांदी आणि अमोनिया यांच्यापासून बनणारी काही संयुगं वाळल्यावर स्फोटक असतात. शिवाय मिळणारी चांदी काही ग्रॅमच असते. तिच्यातून कुणाची फी निघणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

खरं तर हे सगळं प्रत्येकाने आपापल्या खोलीत करण्यापेक्षा एकत्र करणं शहाणपणाचं, आणि इथे मला आपल्या प्राध्यापकांना आणि हॉस्टेलच्या व्यवस्थापनाला विनंती करायची आहे. केमिस्ट्री लॅबमध्ये फिक्सरसाठी एक २० लिटरचा कॅन आणि शेजारी एक वही ठेवावी. विद्यार्थ्याने आपली बाटली आणावी, वहीत नोंद करावी, कॅनमध्ये ओतावी. लॅब असिस्टंट सरांच्या देखरेखीखाली स्टील वूलचं काम तिथेच व्हावं. पहिल्या वर्षाच्या मुलांना विस्थापन अभिक्रिया फळ्यावर शिकवण्यापेक्षा ही जास्त लक्षात राहील. गाळ साठला की प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी असलेल्या पुनर्वापर करणाऱ्याला द्यावा. लॅबमधला बाकीचा घातक कचरा कुठेतरी जातोच, तळोज्याला त्यासाठी सामाईक केंद्र आहे. त्याच वाटेने हेही जाईल. खर्च किती? एक कॅन, एक वही आणि मूठभर वूल. आक्षेप येईल की याने खोलीत रसायनं वापरायला उत्तेजन मिळेल. मला उलट वाटतं. मुलं रोल धुणारच आहेत. बंदी घातली तर बाटल्या पलंगाखाली जातील आणि फिक्सर रात्री दोन वाजता टॉयलेटमध्ये. सोय केली तर निदान कोण काय वापरतंय ते सरांना कळेल.

शेवटी एकच सांगतो. काळबादेवीला झवेरी बाजार आहे. तिथे सोनारांच्या दुकानातला केर विकला जातो, आणि बाहेरच्या रस्त्यावरची, गटारातली माती धुऊन धुऊन तिच्यातून सोन्या-चांदीचे कण काढणारी माणसं असतात. मराठीत त्यांना झारेकरी म्हणतात. त्यांच्यापैकी कुणी कॉलेजात गेलेला असेलच असं नाही. पण गटारात गेलेली चांदी परत मिळवायला किती कष्ट पडतात हे त्यांना नेमकं माहीत आहे. आपल्याला तर ती गटारात जाण्याआधीच अडवायची आहे, आणि तेही एका कॅनमध्ये ओतून! पुढचा रोल धुवाल तेव्हा बेसिनकडे वळण्याआधी बाटलीचं झाकण लावा. आणि सर, तो कॅन तेवढा बघा ना!